स्नॅपच्या आधी कोण कुठे उभं असतं? : अमेरिकन फुटबॉलवर वाचकांचे प्रश्न

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फुटबॉलची पत्रं वाढतात. या वेळी फक्त ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या रचनांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. डिफेन्स पुढच्या खेपेला.

प्रश्न : रविवारी रात्री साडेदहाचे सामने पाहायला लागलो आहे. अर्धा मिनिट नुसती उभाउभी चालते, मग चार-पाच सेकंदांत सगळं संपतं आणि कोण कुठून आलं तेच कळत नाही. चेंडू सुटण्याआधी नेमकं काय पाहायचं? (म. द., पुणे)

चेंडूकडे बघणं सोडा, माणसं मोजा. चेंडूवर वाकलेला तो सेंटर. त्याच्या दोन्ही हातांना एकेक गार्ड, त्यांच्या पलीकडे एकेक टॅकल. हे पाच जण नेहमीच्या सगळ्या रचनांत असतात, एकमेकांपासून साधारण दोन फुटांवर. उरले सहा. त्यांतला एक क्वार्टरबॅक, म्हणजे सेंटरकडून चेंडू घेऊन पास टाकणारा. म्हणजे प्रशिक्षकाला इकडेतिकडे हलवायला पाचच माणसं मिळतात. आय, पिस्टल, ट्रिप्स, एम्प्टी ही भारदस्त वाटणारी नावं या पाच जणांनी आणि क्वार्टरबॅकने धरलेल्या जागांची आहेत, एवढंच.

त्यांनाही कुठेही उभं राहता येत नाही. एनएफएलमध्ये स्नॅपच्या, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो त्या, क्षणी किमान सात जण स्क्रिमेज रेषेवर (चेंडूच्या पातळीतली आडवी काल्पनिक रेषा) हवेत. कॉलेज आणि हायस्कूलच्या नियमांत हेच उलटं लिहिलंय : रेषेच्या मागे चारपेक्षा जास्त नकोत. अकरा जण मैदानात असले की हिशेब तोच येतो. रेषेवरच्या सातांपैकी फक्त दोन टोकांचे दोघे पास पकडायला पात्र असतात. मधले पाच अपात्र. मागे उभे असलेले पात्र. (एनएफएलमध्ये सेंटरला चिकटून चेंडू घेणारा क्वार्टरबॅक याला अपवाद आहे. तो मागे उभा असेल तर त्यालाही पास देता येतो.) क्रिकेटमध्ये लेग साइडला स्क्वेअरच्या मागे तिसरा क्षेत्ररक्षक दिसला की नो-बॉल होतो, तसाच हा प्रकार. चुकीच्या जागी माणूस उभा असला की रचना बेकायदा ठरते आणि संघ पाच यार्ड मागे जातो.

टीव्हीसमोर मोजायचा क्रम असा ठेवा : क्वार्टरबॅकच्या आजूबाजूला किंवा मागे किती जण, टॅकलला लगटून कोणी उभा आहे का (तो टाइट एंड), आणि बाहेर लांब किती. कॅमेरा बहुतेक वेळा अगदी बाहेरचे रिसीव्हर चौकटीबाहेर टाकतो. अशा वेळी आतले मोजून अकरातून वजा करा. दोन सामन्यांत सवय होते.

प्रश्न : मुलगा हायस्कूलच्या संघात वाइड रिसीव्हर आहे. परवा त्यांच्या टाइट एंडने टचडाउन केलं आणि पंचांनी ते रद्द केलं. प्रशिक्षक मात्र माझ्या मुलावर ओरडले, ‘तू त्याला कव्हर केलंस!’ चेंडू तर माझ्या मुलाकडे आलाच नव्हता. मग त्याची चूक काय? (र. कु., एडिसन, न्यू जर्सी)

शाळेच्या पातळीवर रचनेची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती तपशिलात बघू.

नेहमीची मांडणी अशी असते. डाव्या टोकाला लांबवर एक रिसीव्हर, रेषेवर. याला एक्स म्हणतात. मग लाइनमधले पाच. मग उजव्या टॅकलला लगटून टाइट एंड, रेषेवर. हा वाय. झाले सात. उजवीकडे आणखी बाहेर तिसरा रिसीव्हर झेड, पण रेषेच्या यार्डभर मागे. या मांडणीत रेषेची टोकं एक्स आणि वाय. झेड मागे आहे म्हणून तोही पात्र.

आता झेड त्या एका यार्डाने पुढे सरकला असं समजा. रेषेवर आठ झाले आणि उजवं टोक झेडचं झालं. वाय आत अडकला, म्हणजे पास पकडायला अपात्र झाला. हेच ‘कव्हर करणं’. तरी तो ठरल्याप्रमाणे पळत पुढे गेला. अपात्र माणूस पास सुटण्याआधी रेषेपासून ठरावीक अंतरापलीकडे गेला की दंडाचा झेंडा पडतो. हे अंतर एनएफएलमध्ये एक यार्ड, हायस्कूलमध्ये दोन, कॉलेजमध्ये तीन. तुमचा मुलगा बहुधा झेड होता. गंमत अशी की रेषेवर आठ असणं हा मुळात गुन्हाच नाही. तोच डाव धावण्याचा असता तर कोणी काही म्हटलं नसतं. त्यामुळे ही चूक सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात चारदा होऊन जाते आणि नेमकी टचडाउनच्या वेळी उघडी पडते.

उलटी चूकही तितकीच नेहमीची. एक्स चुकून मागे उभा राहतो. रेषेवर सहा आणि मागे पाच. हा मात्र कुठल्याही डावात दंड आहे, धावण्याच्यासुद्धा.

मुलं का चुकतात? रिसीव्हर चेंडूपासून पंधरा यार्ड लांब उभा असतो. एवढ्या अंतरावरून आणि तिरक्या कोनातून एका यार्डाचा फरक डोळ्याला कळत नाही. त्यात समोरचा बचावपटू नाकाशी येऊन उभा असतो, मग पाय आपोआप पुढे सरकतो. उपाय साधे आहेत. जागेवर आल्यावर आधी चेंडूकडे बघायचं, मग आपल्या बाजूच्या टॅकलच्या पायांकडे. मग बाजूरेषेजवळच्या पंचाकडे. आपण रेषेवर नाही हे सांगायला रिसीव्हर हात मागे करतो. पंचाला तो मागे दिसत असेल तर तोही हात मागे धरून दाखवतो. बरेच पंच विचारलं तर सांगतातही. विचारायला लाजायचं कारण नाही. मुलाला एकच गोष्ट पक्की करायला सांगा : या डावात मी एक्स की झेड? आणि त्याच्या पाठीवरचा क्रमांक ५० ते ७९ मधला नाही ना, हेही बघा. हे क्रमांक लाइनवाल्यांचे असतात.

व्यावसायिक खेळाडूही उभं राहण्यात चुकतात. १० डिसेंबर २०२३ ला कॅन्सस सिटी चीफ्सचं बफेलोविरुद्धचं शेवटच्या मिनिटांतलं टचडाउन रद्द झालं, कारण रिसीव्हर कडॅरियस टोनी स्नॅपच्या वेळी चेंडूच्या पुढे उभा होता. त्याचा सहकारी ट्रॅव्हिस केल्सी याने पास पकडून धावता धावता त्याच्याकडे चेंडू मागे फेकला होता. सुंदर डाव, पण हिशेबात धरला गेला नाही. बफेलोने सामना २०-१७ ने जिंकला.

प्रश्न : क्वार्टरबॅक कधी सेंटरला अगदी चिकटून असतो, कधी चार-पाच यार्ड मागे. याने फरक काय पडतो? ‘आय’ आणि ‘पिस्टल’ कशाला म्हणतात? (श्री. पा., कोल्हापूर)

फरक वेळेचा आणि नजरेचा. चिकटून उभ्या क्वार्टरबॅकला पास टाकायचा असेल तर चेंडू घेऊन तीन, पाच किंवा सात पावलं मागे जावं लागतं. मागे उभं राहण्याच्या रचनेत, म्हणजे शॉटगनमध्ये, तो आधीच सुमारे पाच यार्ड मागे असतो, डिफेन्स पूर्ण दिसत असतं आणि अंगावर येणाऱ्यांपासून जरा सवड मिळते. म्हणून चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड हवे असले की शॉटगन दिसणारच.

ही सोय फुकट मिळत नाही. चेंडू हवेतून येतो, तेवढा क्षण नजर डिफेन्सवरून काढावी लागते. स्नॅप पोटाच्या ते छातीच्या उंचीवर आला तर ठीक. डोक्याशी किंवा गुडघ्याशी आला की पकडण्यात अर्धा सेकंद जातो आणि रिसीव्हरच्या पावलांशी ठरवलेला मेळ तुटतो. २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरच्या पहिल्याच डावात त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग काही सांगायला पुढे चालत होता, गोंगाटात सेंटरने स्नॅप सोडला आणि चेंडू त्याच्या बाजूने थेट मागच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा पट्टा) गेला. बाराव्या सेकंदाला सिअॅटलला दोन गुण मिळाले. पुढे सामना ४३-८ असा एकतर्फी झाला.

शॉटगनचा दुसरा तोटा धावण्यात. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, क्वार्टरबॅकच्या शेजारी असतो, आडवा जात चेंडू घेतो, आणि तो कुठल्या बाजूला उभा आहे यावरून डिफेन्सला अंदाज येतो.

आय रचनेत हे उलट. क्वार्टरबॅक चिकटून, त्याच्या मागे चेंडूपासून चार-पाच यार्डांवर फुलबॅक, त्याच्याही मागे सुमारे सात यार्डांवर टेलबॅक, सगळे एका ओळीत. टेलबॅक डावीकडे जाईल की उजवीकडे, उभ्या जागेवरून काहीच कळत नाही. चेंडू हाती येतो तेव्हा तो पूर्ण वेगात असतो आणि फुलबॅक पुढे घुसून वाट करत असतो. इथे सात यार्डांचा आकडा जपावा लागतो. उतावळा टेलबॅक पाच यार्डांवर उभा राहिला तर गार्डचं काम पुरं होण्याआधीच तिथे पोहोचतो आणि स्वतःच्याच माणसाच्या पाठीवर आदळतो. आठ-नऊवर गेला तर उघडलेली फट तोवर बुजते.

पिस्टल ही दोन्हींची तडजोड. नेव्हाडा विद्यापीठाचे प्रशिक्षक क्रिस ऑल्ट यांनी ती २००५ मध्ये आणली. क्वार्टरबॅक चार यार्डांवर आणि रनिंग बॅक त्याच्या बरोबर तीन यार्ड मागे. बेरीज करा : पुन्हा सात. म्हणजे धावणाऱ्याला आयचाच वेग मिळतो, क्वार्टरबॅकला शॉटगनसारखी नजर मिळते, आणि बॅक त्याच्या आड झाकला जातो. एनएफएलचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निक याच संघातून पुढे आला.

एकच यार्ड हवा असेल तेव्हा मात्र बरेच संघ पुन्हा चिकटून उभे राहतात. फिलाडेल्फिया ईगल्स तर मागून दोघे-तिघे लावून क्वार्टरबॅकला ढकलतात. ते बंद करण्याच्या बाजूने मे २०२५ मध्ये ३२ पैकी २२ संघमालकांनी मत दिलं. २४ लागत होती. पाहायला फार देखणा प्रकार नाही, पण बंदी घालायची तर आधी तो अडवता येत नाही हे कबूल करावं लागतं.

प्रश्न : समालोचक ‘इलेव्हन पर्सोनेल’, ‘ट्वेल्व्ह पर्सोनेल’ म्हणतात. मैदानात बारा जण कसे? (अ. जो., नागपूर)

बारा नाहीत. पहिला अंक रनिंग बॅकचा (फुलबॅक धरून), दुसरा टाइट एंडचा. पाचातून उरलेले वाइड रिसीव्हर. ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. १२ म्हणजे एक, दोन, दोन. २१ हा आय रचनेचा जुना मेळ. २२ दिसला की एकच वाइड रिसीव्हर उरतो. गोल रेषा जवळ असणार. हे आकडे कोण मैदानात आले ते सांगतात, कुठे उभे राहतील ते नाही. ११ मधूनच आय सोडून जवळपास सगळं मांडता येतं, आणि सध्या एनएफएलमध्ये तोच मेळ सर्रास दिसतो.

प्रश्न : तिघे रिसीव्हर एकाच बाजूला का उभे करतात? दुसरी बाजू मोकळी सोडून काय मिळतं? (फ. डि., मडगाव)

आधी मैदानाची मापं घ्या. रुंदी १६० फूट. डाव नेहमी मैदानावर आखलेल्या दोन हॅश खुणांच्या मध्ये किंवा त्यांच्यावरून सुरू होतो. एनएफएलमध्ये या खुणांमधलं अंतर १८ फूट ६ इंच, कॉलेजमध्ये ४० फूट, हायस्कूलमध्ये ५३ फूट ४ इंच. म्हणजे हायस्कूलमध्ये चेंडू एका हॅशवर असेल तर एका बाजूला ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला १०६ फूट मोकळे. एवढी जागा दोनच जणांकडून झाकली जात नाही, म्हणून तिकडे तिघे पाठवतात. हीच ट्रिप्स. एनएफएलमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. तिथे हेतू वेगळा : डिफेन्सला तिसरा माणूस तिकडे न्यायला लावायचं आणि दुसऱ्या बाजूला आपल्या सर्वोत्तम रिसीव्हरसमोर एकटा बचावपटू ठेवायचा. त्यामुळे ट्रिप्स दिसली की तिघांकडे बघत बसू नका, पलीकडे एकटा कोण आहे ते बघा.

तिघांपैकी रेषेवर एकच, बाकी दोघे मागे. तिघे यार्ड-दीड यार्डाच्या त्रिकोणात आले की बंच. यात बचावपटू एकमेकांना अडखळतात. मात्र रिसीव्हरने पास पकडला जाण्याआधी पुढे जाऊन मुद्दाम कोणाला अडवलं तर एनएफएलमध्ये दहा यार्ड दंड.

एम्प्टीमध्ये क्वार्टरबॅकजवळ कोणीच नसतं, पाचही जण पसरलेले. पास अडवायला लाइनचे पाचच उरतात. सहा जण धावून आले तर सहावा मोकळा येणार हे गणित आहे, तेव्हा अडीच सेकंदांत चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. क्वार्टरबॅक रेंगाळणारा असेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

प्रश्न : मुलाच्या शाळेचा संघ विंग-टी खेळतो. इतर पालक म्हणतात ही आजोबांच्या काळातली रचना आहे. बदलायला सांगावं का? (वि. शे., कोलंबस, ओहायो)

नका सांगू. जुनी आहे हे खरं : १९५० च्या दशकात डेलावेअर विद्यापीठात डेव्ह नेल्सन यांनी ती रुजवली, पुढे टबी रेमंड यांनी वर्षानुवर्षं चालवली. पण शाळेला खेळाडू निवडून आणता येत नाहीत, वर्गात आहेत तेच घ्यावे लागतात. ज्या संघाकडे चाळीस यार्ड अचूक फेकणारा मुलगा नाही आणि लाइनमध्ये धिप्पाड पोरं नाहीत, त्याला या रचनेत कोन आणि हुलकावणी मिळते.

मांडणी : टाइट एंडच्या एक यार्ड बाहेर आणि एक यार्ड मागे विंगबॅक, क्वार्टरबॅकच्या बरोबर मागे चेंडूपासून चार यार्डांवर फुलबॅक, दुसरा हाफबॅक दुसऱ्या टॅकलच्या मागे. फुलबॅक दर वेळी मधोमध घुसतो, चेंडू असो वा नसो. खरोखर असला तर तो ट्रॅप. नसला तर दोन्ही गार्ड रेषेमागून एका बाजूला पळतात आणि हाफबॅक त्यांच्या मागून जातो. हा बक स्वीप. बचावपटू त्या बाजूला धावू लागले की क्वार्टरबॅक उलट्या बाजूला बाहेर पडून पास टाकतो, हा वॅगल. सुरुवात तिन्हींची सारखीच दिसते.

बिघडतं ते गार्डांपाशी. गार्डने पहिलं पाऊल मागे न टाकता सरळ आडवं टाकलं की तो स्वतःच्याच सेंटरच्या पायात अडकतो. फार मागे गेला तर फुलबॅकवर आदळतो. आणखी एक गोष्ट चांगला बचावपटू टिपतोच : जमिनीवर टेकवलेला हात. पुढे घुसायचं असेल तेव्हा गार्डचा भार बोटांवर येतो आणि पेरं पांढरी पडतात. आडवं पळायचं असेल तेव्हा हात नुसता टेकलेला असतो. दर डावाला सारखाच भार ठेवायची सवय लागेपर्यंत विंग-टीची हुलकावणी चालत नाही. मुलगा गार्ड असेल तर घरी एवढंच बघा.

प्रश्न : सामना संपताना क्वार्टरबॅक गुडघा टेकतो, ते कळलं. पण एक जण पार मागे एकटा का उभा असतो? (स. भा., ठाणे)

१९ नोव्हेंबर १९७८ मुळे. न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ ने पुढे, अर्धा मिनिट बाकी. गुडघा टेकायचा सोडून त्यांनी फुलबॅकच्या हाती चेंडू द्यायचा डाव खेळला. चेंडू सुटला, फिलाडेल्फियाच्या हर्मन एडवर्ड्सने उचलला आणि टचडाउन केलं. १९-१७. तेव्हापासून क्वार्टरबॅकच्या दोन्ही अंगांना दोघे लगटून उभे करतात, सांडलेल्या चेंडूवर पडायला, आणि मागे एक वेगवान खेळाडू ठेवतात, कोणी चेंडू घेऊन पळालाच तर गाठायला.

प्रश्न : फ्लॅग फुटबॉल ऑलिंपिकमध्ये येणार असं वाचलं. मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पाच जणांच्या खेळात या रचनांचा काही उपयोग आहे का? (दि. मो., सातारा)

आहे, आणि ऑलिंपिकचा हा निर्णय झाला तोही मुंबईत : ऑक्टोबर २०२३ मधल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेट, स्क्वॉश यांच्याबरोबरच फ्लॅग फुटबॉलला लॉस एंजेलिस २०२८ साठी मान्यता मिळाली. स्त्री आणि पुरुष दोन्ही गटांत.

मैदान एंड झोन धरून ७० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद. म्हणजे सुमारे ६४ बाय २३ मीटर. शाळेच्या पटांगणात बसतं. अंगाला भिडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. लाइनचे पाच जण नाहीत, सेंटरसकट सगळे पास पकडू शकतात. त्यामुळे वर सांगितलेली कव्हर करण्याची भानगड इथे नाही.

सुरुवात एका रचनेने करा. सेंटर चेंडूवर, क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे, दोघे बाहेर, बाजूरेषेपासून तीन-तीन यार्ड आत, आणि पाचवा एका बाजूला सेंटर आणि बाहेरच्याच्या मधोमध. बाहेरच्यांना रेषेला चिकटू देऊ नका, बाहेर वळायला जागाच उरत नाही. धावून येणारा बचावपटू रेषेपासून सात यार्ड मागून निघतो. क्वार्टरबॅक पाचवर असेल तर त्याला बारा यार्ड कापावे लागतात. पास सुटायच्या आत तो पोहोचतोय असं दिसलं तर क्वार्टरबॅकला सातवर न्या. मग स्नॅप लांबेल, सेंटरकडून तेवढ्या अंतराचे स्नॅप आधी घोटून घ्या.

नवशिकी मुलं चेंडूभोवती गोळा होतात. पाच जागांवर पाच रंगांच्या चकत्या ठेवा आणि पहिले काही तास चेंडू न देता नुसतं ‘जागेवर’ म्हटल्यावर पाच सेकंदांत उभं राहायला शिकवा. ते जमलं की मधल्या खेळाडूला क्वार्टरबॅकच्या शेजारी आणा. दुसरी रचना झाली. तिसरीत तिघे एका बाजूला. मैदानाच्या मध्यरेषेआधीच्या आणि एंड झोनआधीच्या पाच यार्डांत धावण्याचा डाव चालत नाही, फक्त पास. म्हणून तिथे ही तिसरी रचना ठेवा आणि तिघांपैकी एकाला दोन यार्डांवर, दुसऱ्याला पाचवर, तिसऱ्याला एंड झोनच्या मागच्या कोपऱ्यात पाठवा.